पळता काटा

१

गोरेगावच्या बसथांब्यामागं शिवहारचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन आलेला शेतकरी जे सांगेल त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. ‘‘पाण्यात बुडाली,’’ असं कुणी म्हणालं, तर शिवहार आधी ती हुंगणार, मग तार खरवडून बघणार आणि मग सांगणार, ‘‘बुडाली न्हाई. तुमी एका फेजवर चालवली.’’ बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं, त्यामुळं हा स्वभाव दिवसेंदिवस पक्का होत गेला. घरी तापवलेलं दूधसुद्धा तो दोनदा हुंगतो. त्याची बायको अंजली म्हणते, ‘‘मला बघाय आले तवाबी मडक्यावानी ठोकूनच बघितलं आसंल यांनी.’’ शिवहारला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पडताळा घेतल्याशिवाय माणसानं पाऊल टाकू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

या तपासणीतून एकच माणूस सुटला होता, धाकटा भाऊ बालाजी. आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा बालाजी शाळेत होता. शिवहारनंच त्याला वाढवलं. आता तो लग्नाला आला होता आणि अंजलीनं त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवातही केली होती. बालाजीला नाद एकच, बैलांचा. घरच्या लाल कंधारी जोडीला, हरण्या-बिजल्याला, तो स्वतःच्या आधी खाऊ घालायचा. हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला की त्यांच्यामागं छकड्यावर कासरा धरून, धुरकरी म्हणून तोच उभा राहायचा.

पटात जोड्या एकमेकींशी पळत नाहीत. एकेक जोडी सुटते. झेंडी पडली की घड्याळ चालू, पलीकडच्या रेघेवर दुसरी झेंडी हलली की बंद. ज्याला कमी वेळ लागला त्याची ढाल. म्हणजे सगळा पट एका माणसाच्या अंगठ्यावर, आणि तो अंगठा वर्षानुवर्षं पुसेगावच्या संपतरावांचा.

त्यांचं घड्याळही साधं नव्हतं. खिशात ठेवायचं, चांदीच्या डबीतलं, स्वित्झर्लंडचं. हिंगोलीच्या छावणीत घोड्यांच्या शर्यती लावणाऱ्या कुणा साहेबाकडून ते त्यांच्या आजोबांकडं आलं होतं. तास-मिनिटांचे काटे नेहमीसारखे, पण मधोमध एक लांब, केसासारखा बारीक काटा बाराच्या आकड्यावर उभा असायचा. बाजूचं बटण दाबलं की तो पळायला लागे, पुन्हा दाबलं की थांबे, तिसऱ्यांदा दाबलं की मुकाट घरी परते.

संपतरावांची एक सवय सगळ्यांना पाठ होती. जोडी झेंडीपाशी उभी राहिली की ते आधी घड्याळ मुठीत धरून बटण दाबायचे आणि मान खाली घालून बघत राहायचे. मग मान हलवायचे. मगच झेंडी पडायची. पोरं म्हणायची, ‘‘काका घड्याळ गरम करून राहिले.’’

मागच्या वर्षी शेवटची जोडी हरण्या-बिजल्याची होती आणि ढाल आपलीच हे अख्ख्या माळाला कळलं होतं. संपतरावांनी मुठीत बघितलं. बघतच राहिले. मग म्हणाले, ‘‘जू ढिलं हाय. ही जोडी सोडायची न्हाई.’’

शिवहारनं जाऊन स्वतः जू हलवून बघितलं. दगडासारखं घट्ट होतं. ‘‘काका, कुठं ढिलं हाय? दाखवा!’’ पण संपतराव घड्याळ खिशात घालून गर्दीतून निघूनही गेले होते. ढाल दुसऱ्या गावाला गेली. बालाजी दोन दिवस चिडचिडला आणि विसरला. शिवहार विसरला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय ही त्याची खात्री झाली.

२

यंदा दिवाळी झाल्यावर पटाच्या समितीची बैठक सोसायटीच्या ओट्यावर बसली. शिवहार तयारीनंच आला होता. घड्याळ एकाच्या घरी राहणं बराबर नाही, ते समितीकडं पाहिजे, मोजणीलाही यंत्र आणायला पाहिजे, असं तो बोलत गेला. संपतराव भिंतीला टेकून ऐकत होते. वर्षभरात ते पार वाळले होते आणि त्यांचे हात मांडीवर ठेवलेले असूनही कापत होते.

शिवहारला भांडण हवं होतं. म्हातारा हमरीतुमरीवर येईल, चार जुन्या गोष्टी बाहेर पडतील, असा त्याचा हिशेब. पण संपतरावांनी कोपरीच्या खिशातून साखळी सोडवली आणि घड्याळ त्याच्यापुढं धरलं.

‘‘घे. मी तुलाच देणार व्हतो.’’

इतक्या सहजासहजी? शिवहारच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यानं झाकण उघडलं. लांब काटा पळत होता.

‘‘काका, हे चालू राहिलंय.’’

‘‘व्हय. चालू दे त्याला. बंद करू नको.’’ संपतराव उठता उठता थांबले. ‘‘आन् रोज सकाळी चाबी दे. तापानं फणफणला तरी दे. चुकवू नको.’’

‘‘काहून?’’

म्हातारा ओटा उतरू लागला. जाताना तो ओट्याखाली उभ्या असलेल्या बालाजीपाशी थांबला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला. मागच्या वर्षी ज्याची ढाल घालवली त्याच्या पाठीवरून. हे काही शिवहारला आवडलं नाही.

३

बंद करू नको म्हटल्यावर शिवहारनं घरी आल्या आल्या पहिलं काम केलं ते बंद करायचं. बटण दाबलं. काटा पळतच राहिला. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. बटण आत जात होतं, खट्‌ असा आवाजही येत होता, आणि काटा गोल गोल फिरत होता.

‘‘बिघडलेलं देऊन म्हाताऱ्यानं गळ्यात मारलं,’’ तो अंजलीला म्हणाला. ‘‘उद्या म्हणंल, शिवहारनं खराब केलं.’’

‘‘मग चाबी देत जा ना बिचारे सांगतात तशी. तुमचं काय जातं?’’

तेही खरं होतं. आपल्यावर बोट नको म्हणून तो रोज सकाळी चावी देऊ लागला. घड्याळ माजघरातल्या देवळीत ठेवलेलं असे. त्याचा आवाज मात्र विचित्र होता. टिकटिक होतीच, पण तिच्याखाली आणखी एक बारीक आवाज होता, जेवताना दाताखाली खडा यावा तसा. एकदा तो कानाला लागला की सुटत नसे. टीव्ही लावला तरी ऐकू येई. दुपारी घर निवांत असलं की वाटे, आवाज देवळीतून येतच नाहीये, ओसरीवरून येतोय.

एका दुपारी शिवहारनं त्याचाही पडताळा घेतला. आधी देवळीशी कान लावला, मग आवाजाच्या मागं मागं ओसरीवर आला. ओसरीवर बालाजी झोपला होता, शेतातून दमून आलेला, तोंड उघडं टाकून. शिवहार त्याच्याजवळ वाकला. मग स्वतःलाच हसून सरळ झाला. रात्रंदिवस ऐकलं की कान वाजणारच.

पण त्यानंतर तो ओसरीवरून जाताना पाऊल हळू टाकू लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

४

आडात काय आहे ते पोहरा टाकल्याशिवाय कळत नाही. शिवहारनं घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि बालाजीच्या गाडीवर मागं बसून हिंगोली गाठली. बाजारातल्या बोळात उत्तमसिंगचं घड्याळाचं दुकान आहे. उत्तमसिंगनं तरुणपणी हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली काम केलेलं, त्यामुळं जुनं घड्याळ म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. बालाजी समोरच्या टपरीवर चहा घ्यायला बसला. शिवहार काउंटरपाशी उभा राहिला, कारण आपली वस्तू दुसऱ्यानं उघडताना नजर हटवायची नाही हा त्याचा नेम.

‘‘अरे वा!’’ डोळ्याला भिंग लावून उत्तमसिंग म्हणाला. ‘‘बनवणाऱ्याचं नाव झिजलंय, पण हा शेवटचा शब्द दिसून राहिला, बघा. फिस. फ्रेंचमध्ये म्हणजे मुलं. बाप आणि मुलं असं नाव लावायचे ते लोक. तुमच्यासारखे शेतकरीच होते. डोंगरात राहायचे. बर्फ पडला की शेत बंद, मग घरचे सगळे खिडकीपाशी बसून चाकं घासायचे. एका घरात एकच चाक. पिढ्यान्‌पिढ्या तेच.’’

‘‘ते राहू द्या. हा काटा काहून थांबत न्हाई ते बघा.’’

उत्तमसिंगनं मागचं झाकण उघडलं. आतली चाकं आरशासारखी लखलखत होती. जिथं कुणाची नजर कधी पडणार नाही तिथंही कुणीतरी जीव लावून घासलेलं होतं. उत्तमसिंग चिमट्यानं एकेक भाग दाखवत गेला आणि मधेच थांबला. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

‘‘काय झालं?’’

‘‘हे चाक बघा. बटण दाबलं की हे पुढच्या चाकाला जाऊन भिडतं, मग काटा पळतो. आत्ता हे भिडलेलंच नाही. दूर आहे.’’ त्यानं घड्याळ उलटं केलं. काटा पळत होता. ‘‘मग हा कशावर पळून राहिला?’’

‘‘तेच तर मी इचारून राहिलो.’’

‘‘बंद करून खोलावं लागेल. तसंही चाबीचे दात झिजलेत, तेही बदलावे लागतील एक दिवस. थांबा, आधी बॅलन्स धरून बघतो.’’

त्यानं चिमट्याचं टोक हलकेच त्या डुलणाऱ्या चाकाला लावलं. घड्याळ थांबलं. लांब काटाही थांबला.

बाहेर काच फुटली.

शिवहारनं वळून बघितलं. टपरीच्या बाकड्यावर बालाजी बसला होता. हात चहाचा ग्लास धरल्यासारखाच होता, ग्लास मात्र खाली फुटून पडला होता आणि गरम चहा त्याच्या पायावरून ओघळत होता. त्याचा पाय हलला नाही. डोळे उघडे होते. टपरीवाला काहीतरी म्हणाला, त्याकडं त्याची मान वळली नाही.

‘‘सोड!’’ शिवहार ओरडला. ‘‘सोड ते! काढ चिमटा!’’

उत्तमसिंग दचकला आणि त्याचा हात मागं आला. घड्याळ चालू झालं. बाहेर बालाजी ‘‘आयो, भाजलं!’’ करत उडी मारून उठला आणि पाय झटकत हसू लागला.

‘‘दादा, ग्लास कसा निसटला कळलंच न्हाई बघ,’’ तो दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाला. ‘‘काय निघालं घड्याळात?’’

‘‘काई न्हाई,’’ शिवहार म्हणाला.  ‘‘काई निघालं न्हाई.’’

उत्तमसिंगनं झाकण लावून घड्याळ परत दिलं. पैसे घ्यायला तयार नव्हता. ‘‘हे मी खोलणार नाही, भाऊ,’’ एवढंच म्हणाला, आणि शिवहारकडं न बघता बालाजीकडं बघत राहिला.

५

योगायोग असतात. झोप अपुरी असली की माणूस बसल्या बसल्या सुन्न होतो, चक्कर येते, ग्लास निसटतो. परतीच्या वाटेवर बालाजीच्या पाठीमागं बसून शिवहारनं स्वतःला हे सगळं समजावलं. दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढायची त्याला सवय होती. स्वतःचं म्हणणं खोडायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि ते खोडल्यावाचून राहवेना.

दुसऱ्या दिवशी तो जीपनं पुसेगावला गेला. संपतराव अंगणात उन्हाला बसले होते. शिवहारला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

‘‘चाबी दिली का सकाळी?’’ त्यांनी पहिलं हेच विचारलं.

‘‘दिली. काका, मला खरं सांगा. मागच्या साली तुमी आमची जोडी काहून परत धाडली?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘मला वाटत व्हतं तुमी कुणाची तरी बाजू घेतली.’’

‘‘व्हतं म्हणून राहिला. म्हंजी आता न्हाई वाटत.’’ म्हाताऱ्यानं आपल्या कापणाऱ्या बोटांकडं बघितलं. ‘‘माझ्या बापानं मला शिकवलं ते सांगतो. जोडी सुटायच्या आधी बटण दाबायचं. काटा पळतो आन् आपला आपण थांबतो. थांबला की झेंडी द्यायची. न्हाई थांबला, तर जोडी सोडायची न्हाई.’’

‘‘सोडली तर?’’

‘‘मी सोडून बघितली न्हाई. बापानं एकदा बघितली. त्यानं पुढं काई सांगितलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई.’’

कोंबड्या दाणे टिपत होत्या. शिवहारला घड्याळाचा आवाज आपल्या खिशातून स्पष्ट येत होता.

‘‘साखऱ्याचा कोंडीबा ठावं हाय का तुला?’’ संपतरावांनी विचारलं. ‘‘कोर्टानं पट बंद करायच्या आधी, शेवटच्याच पटात, त्याला असाच परत धाडला व्हता. शिव्या घातल्या त्यानं मला. काटा पळत राहिला, मी चाबी देत राहिलो. पट बंद झाले, वर्सं गेली, कोंडीबाला नातवंडं झाली. मंग माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं. पट्टी बांधून दवाखान्यात पडलो आन् घरी कुणाला सांगायचं राहून गेलं. परत येऊन बघतो तर घड्याळ बंद, काटा उभा.’’

‘‘आन् कोंडीबा?’’

‘‘तुरीच्या ढिगावर बसला व्हता म्हणतात. शेंगा हातातच व्हत्या.’’

शिवहार ताडकन उठला. ‘‘तुमचं घड्याळ तुमी ठेवा. मला नको.’’

‘‘हे बघ.’’ संपतरावांनी दोन्ही हात पुढं केले. बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती. ‘‘चाबीला जोर लागत न्हाई रं आता. दोन येळा चुकता चुकता राहिली. म्हणून तर तुला दिलं. दुसरा कुणी राहिला असता तर आठ दिसांत कंटाळला असता. तू संशयी हायस. तू रोज बघशील.’’

शिवहार परत खाली बसला. आयुष्यभर लोकांनी त्याच्या संशयाला नावं ठेवली होती. ज्यानं त्याची किंमत ओळखली, त्यानं ती अशी ओळखली होती.

६

पटाचा दिवस जवळ येत गेला आणि शिवहारचं दुकानातलं लक्ष उडालं. सकाळी उठला की आधी चावी, मग चूळ. दिवसातून किती वेळा तो खिशातली डबी उघडून बघे याला गणती नव्हती. सगळं थोतांड असेल, असं त्याला दर वेळी वाटे. म्हाताऱ्यानं रचलेली गोष्ट, टपरीवरचा योगायोग, झालं. पडताळा घेणं किती सोपं होतं! एक दिवस चावी द्यायची नाही, बस. जळालेल्या मोटारीचा, दुधाचा, शेजाऱ्याच्या बोलण्याचा पडताळा घेणारा शिवहार या एका गोष्टीचा पडताळा मात्र घेऊ शकत नव्हता. हे त्याला आतून पोखरत होतं.

‘‘भाऊजीला काई झालं हाय का?’’ अंजलीनं एकदा विचारलं. ‘‘तुमी सारखं त्यांच्याकडं बघून राहिले. जेवताना, झोपल्यावर. पोरगं बावरून गेलं.’’

‘‘काई न्हाई झालं.’’

‘‘मंग ह्या वर्सी पटात उतरू नको म्हणून काहून सांगितलं त्यांना?’’

शिवहारनं खिशातली डबी उघडून काट्याकडं बघितलं. बालाजीनं मोठ्या भावाचा शब्द खाली पडू दिला नव्हता, पण त्यानं बोलणं टाकलं होतं. संध्याकाळी गोठ्यात बैलांपाशी बसून तो त्यांच्या शिंगांना तेल लावत राही. माळाकडून सरावाच्या छकड्यांचा आवाज आला की हरण्या कान टवकारे आणि बालाजी मान खाली घाली. शिवहारला ते बघवत नसे.

आणि पटाच्या दिवशी सकाळी चावी फिरली.

नुसतीच फिरली. बोटांना नेहमीचा कडकपणा लागला नाही. शिवहारनं परत फिरवली. ती गुळगुळीत फिरत गेली, कशालाही न धरता. काटा पळत होता.

त्यानं लगेच उत्तमसिंगला फोन लावला.

‘‘दात गेले चाबीचे,’’ उत्तमसिंग म्हणाला. ‘‘सांगितलं होतं. आत जेवढी स्प्रिंग भरलेली आहे ती उतरेपर्यंत चालेल.’’

‘‘मंग? मंग बंद पडंल?’’

‘‘बंदच पडेल ना.’’

‘‘तुमी दुरुस्त करा. मी आत्ता येतो. पण ते चालू ठेवून करा.’’

 ‘‘चालू ठेवून नाही होत, भाऊ,’’ उत्तमसिंग म्हणाला. ‘‘खोलायचं तर आधी थांबवावंच लागतं.’’

शिवहार माजघरात घड्याळ घेऊन बसला. बाहेर बालाजी बैलांना पाणी दाखवत होता, शीळ घालत होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही. चावी देता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि आज ना उद्या हा काटा थांबणार.

मग त्याच्या तपासणाऱ्या डोक्यात एक विचार आला. इतक्या वर्षांत झेंडीपाशी ज्यांचा काटा थांबला ते सगळे रेघेला पोचले होते. बालाजीचा काटा थांबला नाही, कारण बालाजी पळालाच नाही. त्याची धाव उधार राहिली आहे. आज तो पळाला, रेघ ओलांडली, तर काटा जसा थांबायला पाहिजे तसा थांबेल. रेघेवर. घड्याळ संपायच्या आत पळाला पाहिजे, एवढंच. संपतरावांच्या बापानं एकदा सोडून बघितली होती, हे त्याला आठवलं. पण त्यांनी काय पाहिलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दुसरा रस्ता होताच कुठं?

तो अंगणात आला. ‘‘बालाजी, जोडी जुंप. आज उतरायचं.’’

बालाजीनं बादली खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून शिवहारला रडू फुटेलसं झालं. ‘‘दादा, खरं?’’

‘‘खरं. पण जू मी बांधणार.’’

७

माळावर ऊन चढलं होतं. वेळ मोजायला यंदा समितीनं भाड्याचं यंत्र आणलं होतं, त्यामुळं घड्याळाची कुणाला गरज नव्हती. झेंडी मात्र समितीनं शिवहारच्या हातात दिली होती. संपतरावही आले होते, कुणाच्या तरी गाडीवर बसून. शिवहारच्या शेजारी ते बाजेवर बसले आणि हरण्या-बिजल्याची जोडी झेंडीपाशी आलेली बघून त्यांचा चेहरा उतरला.

‘‘शिवहार, काय करून राहिला तू?’’

‘‘चाबी गेली, काका. दात झिजले.’’

म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि उघडले. ‘‘जू बघितलं का?’’

‘‘चार येळा बघितलं. चाकं, आस, कासरा, समदं बघितलं.’’ त्यानं खरोखरच बघितलं होतं. बैल पळायच्या पट्टीवरून स्वतः चालत जाऊन खडे वेचले होते. बालाजी नवा पांढरा सदरा घालून छकड्यावर उभा होता, अंजलीनं लावलेलं कुंकू कपाळावर होतं. त्यानं भावाकडं बघून मान हलवली.

शिवहारनं डाव्या हातात घड्याळ उघडं धरलं आणि उजव्या हातानं झेंडी खाली टाकली.

बैल सुटले. धुळीचा लोट उठला, माणसं ओरडू लागली. शिवहारनं पट्टीकडं बघितलं नाही. त्याची नजर काट्यावर होती. काटा पळत होता, जसा वर्षभर पळत होता तसाच. ‘थांब,’ तो मनात म्हणत होता, ‘रेघेवर थांब, बाबा, रेघेवर.’

काटा थांबला. त्याबरोबर घड्याळही थांबलं आणि तो दाताखालच्या खड्यासारखा आवाज कानातून एकदम गेला. एवढी शांतता त्याला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती.

पुढच्या टोकाला मोठा गलका झाला. आनंदाचा गलका, त्याला वाटलं. मग तो गलका बदलला. तिकडून इकडं, माणसांच्या रांगेतून, एकेक आवाज बंद होत आला. शेजारी संपतराव बाजेवरून उठायला बघत होते.

‘‘दादा!’’

शिवहारनं मान वर केली. धुळीतून बालाजी चालत येत होता. एकटाच, हात मोकळे सोडून, दमछाक झालेली नाही असा. कपाळावर कुंकू होतं. तो हसत होता.

‘‘दादा, किती लागले रं?’’

शिवहारच्या डोळ्यांत पाणी आलं. आला. पोचला आणि परत आला. तो पुढं झाला, आणि मग त्याच्या नजरेनं, जन्मभर जी खोड होती तिनं, त्याच्या मर्जीविरुद्ध एक गोष्ट टिपली. सगळा माळ धुळीनं माखला होता. झेंडीवर धूळ होती, घड्याळाच्या काचेवर, संपतरावांच्या पागोट्यावर, त्याच्या स्वतःच्या पापण्यांवर धूळ होती. बालाजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक कणही नव्हता.

बालाजीच्या मागं, दूर रेघेपाशी, लोक गोल करून उभे होते. गोलाच्या मधे छकड्याचं एक चाक आभाळाकडं तोंड करून फिरताना दिसत होतं. तिकडून कुणीतरी हातवारे करत धावत येत होतं आणि शिवहारचंच नाव घेऊन हाका मारत होतं.

‘‘शिवहार,’’ संपतराव हळूच म्हणाले, ‘‘तिकडं बघू नको.’’

शिवहारनं बघितलं नाही. पुढं होऊन हात लावून बघणं एका पावलाचं काम होतं. तेही त्यानं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं पडताळा घेतला नाही.

‘‘सांग की,’’ बालाजी म्हणाला. ‘‘किती लागले?’’

‘‘समद्यात कमी,’’ शिवहार म्हणाला. ‘‘ढाल आपलीच हाय. तू हितंच उभा राहा, लेकरा. माझ्याजवळ उभा राहा.’’

आणि धावत येणारा माणूस जवळ येऊन पोचेपर्यंत तो भावाच्या तोंडाकडं बघत राहिला.